चार ओळी, एकाखाली एक

‘या ओळी अशा विखरून का टाकल्यास?’ पुष्करदादाने विचारलं. ‘एक इकडे, एक तिकडे. एकाखाली एक घे की.’

तो आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून साध्या कागदावर काढलेली कच्ची प्रत वाचत होता आणि मी प्रिंटरमध्ये अडकलेला चकचकीत कागद दोन्ही हातांनी ओढून काढत होते. हा तिसरा कागद वाया जात होता, त्यामुळे कुणाच्या सूचना ऐकायची मला अजिबात हौस नव्हती.

‘तू उत्पादन आहेस,’ मी म्हणाले. ‘उत्पादनाने मत द्यायचं नसतं.’

‘मग उत्पादनाला आधी दाखवायचं नसतं.’

हे २००६ सालचं. आम्ही साताऱ्याला राहायचो, आई आणि मी. मी डीटीपीचा कोर्स केला होता आणि घरात कॉम्प्युटरबरोबर एक शाईचा रंगीत प्रिंटर घेतला होता. त्यावर मी गमतीची ब्रोशरं छापायचे. म्हणजे माणसाला वस्तू करायचं आणि त्या वस्तूचं माहितीपत्रक काढायचं. आईच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या तेव्हा मी त्यांचा टेबलफॅन केला होता: पाच गतींमध्ये उपलब्ध, पाचवी गती फक्त दहावीच्या वर्गासाठी. बाई स्वतः रडेपर्यंत हसल्या आणि मग विचारलं, ‘कुठल्या प्रेसमध्ये छापलंस?’ या एका प्रश्नासाठी मी सगळा खटाटोप करायचे. दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेला जाड कागद पुण्याहून मागवायचे, एक बाजू छापून पंधरा मिनिटं पंख्याखाली वाळवायचे, मग दुसरी बाजू. घड्या चमच्याच्या पाठीने घालायचे. कोपऱ्यात खोटा कंपनी-शिक्का, खाली बारीक अक्षरात अटी लागू.

आणि माझा एक नियम होता. एकही ओळ खोटी नको. खोट्यावर लोक तोंडदेखलं हसतात, खऱ्यावर पोट धरून हसतात. या नियमाचा मला फार अभिमान होता.

पुष्करदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. त्याचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्याकडे त्याचं आणि केतकीचं केळवण होतं. केतकी कराडची, तिच्या वडिलांचं तिथे औषधांचं दुकान. याआधी दोन ठिकाणी जमत आलेलं फिसकटलं होतं, त्यामुळे शैलामावशी गेले चार महिने श्वास रोखूनच बसली होती. काका गेल्यापासून तिला पुष्करदादाशिवाय कुणी नव्हतं. ‘एवढं लग्न सुरळीत पार पडू दे, मग मी मरायला मोकळी,’ असं ती येता-जाता म्हणायची. ब्रोशरची कुणकुण लागल्यावर तिने मला फोन करून बजावलं होतं, ‘काही वेडंवाकडं लिहू नकोस हं. त्यांच्याकडची माणसं असणार.’ मी म्हटलं, ‘मावशी, नवऱ्या मुलाचं कौतुकच आहे सगळं.’

कौतुकच होतं. ‘पुष्कर, मॉडेल १९७७. घरगुती वापरासाठी. एकच नग शिल्लक.’ आत तांत्रिक तपशील: उंची पाच फूट नऊ इंच, माळ्यावरचे डबे स्टुलाशिवाय काढतो. आवाज मंद, घोरणं तालात. चहावर चालतो. दुचाकी चालवत नाही, मागे बसून रस्ता सांगतो. बोलता बोलता मध्येच हँग होतो, अर्ध्या मिनिटाने आपोआप सुरू. रात्री दहानंतर बंद.

हँग होण्याची गंमत आम्हा भावंडांत लहानपणापासूनची. पत्ते खेळताना दादा हातात पान धरून एकदम थांबायचा, डोळे उघडे, नजर भिंतीवर. आम्ही ओरडायचो, ‘दादा गेला गावाला!’ थोड्या वेळाने तो परत यायचा आणि विचारायचा, ‘कुणाची पाळी?’ विचार करतो, नकाशे काढणाऱ्यांचं डोकं असंच चालतं, असं मावशी म्हणायची. आम्हालाही ते पटलं होतं.

‘हे बघ,’ दादाने पेन घेतलं. कचेरीत नकाशा तपासावा तसं तो खुणा करत होता. ‘दुचाकी, हँग आणि दहानंतर बंद हे तिन्ही एका गटात घे. आणि त्यात अजून एक टाक. रोज रात्री नऊ वाजता एक पांढरी गोळी, चुकवू नये.’

‘कसली गोळी?’

‘असते एक. व्हिटॅमिन समज.’

‘मग त्यात विनोद काय?’

‘चुकली की आई सायरनसारखी वाजते. ते लिही.’

हे खरंच होतं. नऊ वाजले की मावशी जिथे असेल तिथून हाक मारायची, ‘पुष्कर, गोळी!’ मी लगेच लिहून घेतलं.

‘आणि हँगच्या पुढे लिही, अशा वेळी हलवू नये.’

‘दादा, तू तर माझ्यापेक्षा हुशार निघालास.’

तो हसला नाही. त्याने चारही ओळींच्या शेजारी एक लांब कंस काढला आणि त्यावर लिहिलं, ‘वापरण्यापूर्वी वाचावे’. मी तो मथळा लाल पट्टीत पांढऱ्या अक्षरांत घेतला. पान एकदम खरं दिसायला लागलं. खऱ्या ब्रोशरमध्ये अशी एक लाल पट्टी असतेच, ती मला सुचली नव्हती याचं वाईट वाटलं.

मग तो संध्याकाळपर्यंत बसला. मी छापत होते, तो घड्या घालत होता. पंचवीस प्रती. त्याच्या घड्या माझ्यापेक्षा नेमक्या होत्या.

केळवणाला बावीस माणसं होती. केतकी मोरपंखी साडीत, तिच्या आईवडिलांच्या मध्ये बसली होती. मी पानं मांडायच्या आधी सगळ्यांना ब्रोशरं वाटली. ती हातात पडल्यावर जी कुजबुज झाली ती मला अजून आठवते. केतकीच्या वडिलांनी कागद बोटांत चोळून बघितला आणि म्हणाले, ‘छपाई कुठली हो?’

‘घरची,’ आई म्हणाली. तीही फुलून गेली होती.

मग आग्रह झाला म्हणून मी उभी राहून वाचायला लागले. सुरुवातीलाच सांगितलं, ‘यातली एकही ओळ खोटी नाही बरं का. कंपनीची हमी.’ माळ्यावरच्या डब्यांना लोक हसले, तालातल्या घोरण्याला जास्त हसले. केतकी तोंडावर रुमाल धरून हसत होती. दादा तिच्या समोरच्या खुर्चीत बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. मला वाटलं, बघणारच, अकरा दिवसांवर लग्न आलंय.

लाल पट्टीला मी आवाज बदलला, विमानतळावर सूचना देतात तसा. ‘वापरण्यापूर्वी वाचावे. एक, दुचाकी चालवत नाही. दोन, बोलता बोलता हँग होतो, अर्ध्या मिनिटाने आपोआप सुरू. अशा वेळी हलवू नये. तीन, रात्री दहानंतर बंद, जागरण करायला लावू नये. चार, रोज रात्री नऊ वाजता एक पांढरी गोळी. चुकवल्यास सायरन वाजेल.’

हॉल दणाणून गेला. मावशी नेमकी श्रीखंडाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. ती दारातच थांबली. मग पातेलं खाली ठेवून हसत म्हणाली, ‘पुरे गं आता यमे, पानं घे. माणसं भुकेली आहेत.’

जेवणं चालू असताना तिने सगळ्यांच्या शेजारची ब्रोशरं गोळा केली. ‘हात खरकटे होतात, खराब होतील. आठवण म्हणून मी नीट ठेवते,’ असं म्हणत होती. मला बरं वाटलं. पाटावर बसण्याआधीच केतकीने आपली प्रत पर्समध्ये ठेवली होती, ते मी पाहिलं होतं. त्याने तर मला जास्तच बरं वाटलं.

बुधवारी दुपारी दाराची घंटा वाजली. आई शाळेत होती. बाहेर केतकी उभी होती, एकटी, खांद्याला पर्स, चेहरा उन्हाने लाल झालेला. कराडहून एसटीने आली होती.

‘अगं, कळवलं असतंस तर!’ मी म्हणाले. ‘ये ना. दादाला फोन करू?’

‘नको, यामिनीताई. तुमच्याकडेच आलेय. पाच मिनिटं.’

ती पाणी प्यायली. मग पर्समधून ब्रोशर काढून टेबलावर उघडून ठेवलं, लाल पट्टी वर येईल असं.

‘हे कुणी लिहिलं?’

‘मीच.’ मी हसले. ‘का गं, राग आला का कशाचा?’

‘तुम्ही म्हणालात एकही ओळ खोटी नाही.’

‘नाहीच आहे.’

‘मी बाबांच्या दुकानात काउंटरवर बसते. बी.फार्म. आहे मी, तुम्हाला माहीत आहे. माणसं येतात आणि आपल्या घरच्या माणसाला काय होतं ते सांगत बसतात. बोलता बोलता थांबतो, कुठेतरी बघत राहतो, डॉक्टरांनी गाडी चालवू नका सांगितलंय, जागरण नको सांगितलंय, गोळी एकही दिवस चुकवायची नाही म्हणालेत.’ तिने चार ओळींवरून बोट फिरवलं. ‘चिठ्ठी बघायच्या आधी माझा हात कुठल्या कप्प्याकडे जातो माहितीये? फिट्सच्या.’

मी ब्रोशर उचललं. लाल पट्टी, पांढरी अक्षरं, समास दोन्हीकडे सारखा. वीस वर्षांची आमची थट्टा, मावशीच्या हाका, अकरावीत सायकलवरून पडल्यापासून दादाने गाडीला हात न लावणं, सगळं वेगवेगळं माहीत होतं. एकाखाली एक कधी वाचलं नव्हतं.

‘मला माहीत नव्हतं,’ मी म्हणाले. ‘शपथेवर सांगते केतकी, खरंच नव्हतं.’

‘तुमच्यावर विश्वास आहे माझा. माहीत असतं तर कुणी असं छापलं नसतं.’ ती शांतपणे बोलत होती. ‘घाबरून आले नाहीये मी. आमच्याकडून या गोळ्या नेणारे संसार करतात, नोकऱ्या करतात, मुलंबाळं आहेत त्यांना. दोन रात्री मी एवढाच विचार करत होते. सासूबाईंनी लपवलं असेल. आई असते, भीती वाटली असेल. यांनी त्यांच्यापुढे तोंड उघडलं नसेल. तेही समजू शकते मी. एकच विचारायचंय. छापायच्या आधी त्यांनी हे पाहिलं होतं का?’

या जागी मला थांबता आलं असतं. ‘नाही, त्याच्यासाठीही ते सरप्राइझ होतं,’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मी त्या वेळी उलटा हिशोब केला. मला वाटलं, दादाने स्वतःहून सांगितलंय हे तिला कळलं तर तो लपवणारा ठरणार नाही. उलट तिला कळावं म्हणून धडपडला असं दिसेल. मला तर एकदम आनंदच झाला, त्याला सोडवायची किल्ली माझ्याच हातात आहे म्हणून.

‘पाहिलं काय,’ मी म्हणाले, ‘त्यानेच सांगितलंय हे. गोळीची ओळ त्याची. हलवू नये, ही त्याची. मी ओळी विखरून टाकल्या होत्या, त्याने एकाखाली एक घ्यायला लावल्या. मथळासुद्धा त्यानेच दिला. केतकी, त्याला तुला सांगायचं होतं गं.’

तिने ब्रोशरची एक घडी मिटली, मग दुसरी.

‘आठ वेळा भेटलो आम्ही,’ ती म्हणाली. ‘दोनदा तर दोन-दोन तास, दोघंच. अजिंक्यताऱ्यावर बसून त्यांनी मला सातारचा अख्खा नकाशा समजावून सांगितला. तेव्हा नाही सांगितलं. आणि रविवारी तुम्ही वाचत होता, सगळे हसत होते, माझे बाबा हसत होते. मीही हसले. होणाऱ्या नवऱ्याच्या आजारावर मी रुमाल तोंडाला लावून हसत होते आणि ते समोर बसून मला बघत होते. मला कळतंय का ते बघत होते.’

‘तसं नसेल गं—’

‘त्यांना माहीत नसतं ना, की हे छापलंय, तर मी आजच त्यांच्याकडे जाऊन बोलले असते. तयारी करून आले होते मी.’

ती उठली. मी चहाचं विचारलं, आपण अशा वेळी विचारतो तसंच. ती म्हणाली, तीनची गाडी मिळेल. दारात चपला घालताना तिने मान वर केली. ‘तुम्ही खरं सांगितलंत, यामिनीताई. बरं झालं.’

गुरुवारी सकाळी तिच्या वडिलांनी मावशीला फोन केला. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, की मुलाला काय आहे ते तुमच्याकडच्या ब्रोशरवरून आम्हाला कळलं, तुम्ही सांगायला हवं होतं, आमच्याकडून आता होणार नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

शैलामावशी दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून हे आता लिहायला हरकत नाही.

शुक्रवारी आई मला घेऊन तिच्याकडे गेली. मावशी कॉटवर बसली होती, केस विंचरलेले नव्हते. शेजारी तिने गोळा केलेल्या ब्रोशरचा गठ्ठा होता. पुष्करदादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, रोजच्यासारखी.

‘ये,’ मावशी म्हणाली. ‘बघून घे काय केलंस ते. अकरा वर्षं मी हे पोटात ठेवलं. तुझ्या आईला, माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. पुण्याला डॉक्टर धरला, साताऱ्यात कुणाला चिठ्ठी दिसू नये म्हणून औषधं तिकडून आणली. दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा जमवलं. आणि तू घरबसल्या छापून वाटलंस.’

‘शैला, तिला माहीत नव्हतं गं,’ आई म्हणाली.

‘याला तर माहीत होतं ना!’ मावशीने दादाकडे हात केला. ‘याला सांगायचं होतं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी म्हणाला, आई, मी केतकीला सांगतो. मी याचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, लग्न लागेपर्यंत एक अक्षर बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील. चार महिने पोराने शब्द पाळला. आतल्या आत कुढत पाळला. एक अक्षर बोलला नाही. आणि तू…’

मी दादाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. क्षणभर मला वाटलं, गावाला गेलाय. पण त्याचा अंगठा खुर्चीच्या हातावर हळूहळू फिरत होता. तो इथेच होता आणि सगळं ऐकत होता.

तेव्हा मला शनिवारची दुपार नीट कळली. त्याने एक अक्षर बोलायचं नव्हतं. ते माझ्याकडून छापून घेतलं, माझ्याकडून वाचून घेतलं. आईची शपथ शाबूत, आणि केतकीलाही सांगून झालं. मला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली, आणि दोन्ही गोष्टी मी गिळल्या.

‘बोल ना गं काहीतरी,’ आई मला म्हणाली.

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. त्याने पेनाने काढलेला लांब कंस होता. पण ते बोलले असते तर मावशीला काय कळलं असतं? तिच्या डोक्यावर ठेवलेल्या हाताने मुलाने काय केलं, ते. लग्न तर गेलंच होतं, आता मुलगाही कशाला घालवायचा? शिवाय बुधवारी केतकीला जे सांगायला नको होतं ते मीच सांगितलं होतं, आणि ते या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी वाट बघितली. दादा काहीतरी म्हणेल असं अजून वाटत होतं.

‘जाऊ दे ना, आई,’ तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. ‘तिला काय माहीत? गंमत म्हणून केलं तिने. माझ्या मनात तिच्याबद्दल काही नाही.’

‘बघ!’ मावशीला हुंदका फुटला. ‘एवढं झालं तरी तुझीच बाजू घेतोय.’

‘चुकलं माझं, मावशी,’ मी म्हणाले, आणि वाकून तिच्या पायांना हात लावायला गेले.

मावशीने पाय वर ओढून घेतले.

‘आई,’ पुष्करदादा म्हणाला, ‘असं करू नये.’